डोंगराची वाट आपल्याही पोरांची



मागच्या उन्हाळ्यात मुकुटबनची एक मुलगी हिमाचल प्रदेशात जाऊन बर्फाने झाकलेली खिंड पायी ओलांडून आली. तिची आई अंगणवाडीत मदतनीस आहे, वडील सिमेंट कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली काम करतात आणि ती स्वतः वणीच्या कॉलेजात शिकते. ती परत आली तेव्हा वस्तीत तिचे कौतुक झाले आणि कौतुकासोबत प्रश्नही विचारले गेले. रेल्वेत कीमन म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक आजोबा म्हणाले, "पायी चालाले पैसे कायले द्यायचे बाप्पा? म्या तीस वर्सं रोज रुयावरून चाललो. मले त सरकारच पैसे देत होतं!"

सगळे हसले. पण आम्हाला हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. आपली माणसे चालायला नवी नाहीत. कापूस वेचायला, तेंदूपत्त्याला, सरपणाला, पाण्याला, सडकेच्या कामाला आपण पायीच गेलो. ते चालणे पोटासाठी होते. आनंदासाठी, डोंगर पाहण्यासाठी चालणे ही शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी असलेल्या लोकांची हौस, अशी आपली समजूत झाली आहे. ही समजूत कितपत खरी आहे आणि आपल्या पोरापोरींनी अशा सहलींना जावे की नाही, याचा विचार आज करू.

प्रथम आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर देतो. पैसे चालण्याचे नसतात. वाट ठाऊक असलेला माणूस, रात्रीचा तंबू, झोपण्याची पिशवी, दोन वेळचे गरम जेवण, आणि कोणी आजारी पडले तर त्याला खाली आणण्याची सोय, याचे ते पैसे असतात. ही मुलगी युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेच्या मोहिमेतून गेली होती. ही संस्था १९४९ पासून आपल्या देशात काम करते. नफ्यासाठी चालणारी कंपनी नसल्यामुळे तिची फी इतरांपेक्षा कमी असते. कुलू जिल्ह्यात कसोल नावाचे गाव आहे, तिथे मुख्य तळ असतो. तिथून रोज एक तुकडी निघते. पहिले एक-दोन दिवस हवेची सवय व्हावी म्हणून जवळपासच्या टेकड्या चढायच्या, दोरावरून उतरण्याचा सराव करायचा, आणि मग एकेका मुक्कामाने वर जायचे. सारपास नावाची खिंड सुमारे १३,८०० फूट उंचीवर आहे. ती ओलांडून दुसऱ्या बाजूने खाली यायचे.

तिथले नियम आम्हाला आवडले. दारू आणि सिगारेट बंद. आपले ताट आपण धुवायचे. दुपारचा डबा आपला आपण वाहायचा. तुकडीतलाच एक जण नायक निवडायचा. डॉक्टरचे सर्टिफिकेट दिल्याशिवाय प्रवेश नाही. जेवायला बँकेचा अधिकारी आणि ठेकेदाराच्या मजुराची मुलगी एकाच रांगेत ताट घेऊन उभे राहतात.

तिचा अनुभव मात्र सगळाच गोड नव्हता. बायकांच्या तंबूत पहिल्या रात्री एका बाईने तिचे आडनाव विचारले. आडनावावरून अंदाज आला नाही म्हणून गाव विचारले, मग "तुम्ही लोक कोण?" असेही विचारले. मुलगी म्हणाली, "आम्ही बौद्ध." तंबूत थोडा वेळ कोणी बोलले नाही. चौथ्या दिवशी बर्फावरून उतरताना त्याच बाईचा पाय घसरू लागला, तेव्हा तिने याच मुलीचा हात धरला आणि पायथ्यापर्यंत सोडला नाही. मुलगी सांगते, "मी पण हात नाही सोडला. पण तो प्रश्न माझ्या ध्यानात आहे." आम्हाला तिचे हे दोन्ही बोलणे खरे वाटते. डोंगरावर गेल्याने जात जात नाही. पण पाच-सहा दिवस एका दोराला धरून चालल्यावर माणसाला माणूस दिसू लागतो, एवढे होते. आणि आपल्या मुलीला न डगमगता उत्तर देता येते, हेही थोडे नाही.

आमच्या ओळखीत आणखी दोघे जण जाऊन आले आहेत. एक कोळसा खाणीवर डंपर चालवणारा तरुण. अंगाने पहिलवान. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे धावला. तिसऱ्या मुक्कामावर त्याचे डोके ठणकू लागले, जेवण जाईना, रात्री झोप लागेना. नायकाने त्याला पुढे जाऊ दिले नाही. सोबत माणूस देऊन खालच्या मुक्कामावर पाठवले. त्याला अपमान वाटला. खाली आल्यावर अर्ध्या दिवसात डोके थांबले, तेव्हा त्याला समजले. तो आता म्हणतो, "ताकद वेगळी आन् हवा वेगळी."

दुसरे वणीला सायकलवर घरोघरी वर्तमानपत्र टाकणारे गृहस्थ. वय पंचेचाळीसच्या पुढे. ते एका मंडळासोबत नागपूरहून सेवाग्रामला सायकलने गेले. इतरांच्या सायकली गिअरच्या, यांची साधी काळी सायकल. सकाळी लोक यांच्या सायकलीकडे पाहून हसत होते. दुपारी उन्हाचा तडाखा बसला तेव्हा हसणारे दोघे जण मागून येणाऱ्या टेम्पोत बसले, हे सायकलवरच पोहोचले. मंडळाची व्यवस्था मात्र त्यांनी वाखाणली. दर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबा, पाणी, गूळ-शेंगदाणे, पंक्चर काढणारा माणूस, आणि सर्वांत मागे एक जबाबदार स्वार. त्याच्या मागे कोणी राहायचे नाही, हा नियम.

हा शेवटच्या माणसाचा नियम लक्षात ठेवा. आमच्या मते कोणत्याही सहलीची पारख याच एका गोष्टीवरून होते. पुढचा किती जोरात चालतो यावरून नव्हे, तर मागच्यासाठी कोण थांबतो यावरून.

याचे उलटे उदाहरणही आमच्या कानावर आले आहे. वणीकडची काही कॉलेजची मुले पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एका किल्ल्यावर रात्रीच्या ट्रेकला गेली. पैसे फोनवरून पाठवले. चालवणाऱ्याचे ऑफिस कोठे, नोंदणी आहे की नाही, काही विचारले नाही. पन्नासेक माणसे आणि त्यांच्यावर दोन म्होरके. दोघेही पुढे निघून गेले. मागे राहिलेल्या दोन मुली आणि एक मुलगा धुक्यात वाट चुकले. बॅटरी एकच. सकाळपर्यंत एका खडकाच्या आडोशाला बसून राहिले. पहाटे गुराख्याने पाहिले आणि गावात नेऊन चहा पाजला. जिवावर बेतले नाही, हे नशीब. अशा वेळी पैसे वाचले असे म्हणायचे की मुले वाचली म्हणायचे?

आता थोडे मागे जाऊ. युथ हॉस्टेलची ही चळवळ श्रीमंतांनी सुरू केलेली नाही. जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर होते. कोळशाच्या खाणी आणि लोखंडाचे कारखाने असलेल्या रूर भागात ते शिकवत. आपल्या वणी-घुग्गुसकडे जशी हवा तशीच तिथली हवा, धूर आणि धूळ. कामगारांच्या पोरांना मोकळी हवा मिळावी म्हणून ते त्यांना रानावनात पायी नेत. १९०९ मध्ये अशाच एका सहलीत वादळाने गाठले आणि सगळ्यांना एका गावातल्या शाळेत रात्र काढावी लागली. तेव्हा त्यांना सुचले की, सुट्टीत शाळा रिकाम्या असतात, तिथे गरिबाच्या पोरांना स्वस्तात झोपू द्यावे. त्यातूनच युथ हॉस्टेल ही कल्पना जगभर गेली. म्हणजे ही हौस मुळात कामगारांच्या लेकरांसाठी जन्माला आली. मग मुकुटबनच्या लेकरांना ती परकी कशी?

आपल्या इतिहासातही एक गटाची सहल आहे. १९३४ साली चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना वेरूळची लेणी पाहायला चला म्हणून आग्रह केला. सुमारे तीस जण निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाच्या धुळीने तोंडे माखलेली. वेशीपाशी एक लहान हौद पाण्याने भरलेला होता. काहींनी त्यात हातपाय, तोंड धुतले. एवढ्यावरून ह्यांनी पाणी बाटवले म्हणून गर्दी जमली आणि मारामारीपर्यंत वेळ आली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण सोबत हत्यारबंद शिपाई दिला. तो वाट दाखवायला नव्हता. ह्यांनी किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावू नये, हे पाहायला होता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या लिखाणात बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः नोंदवून ठेवला आहे.

त्या सहलीला ऐंशी वर्षे होत असताना, २५ मे २०१४ रोजी, आपल्या शेजारच्या तेलुगू मुलखातली दोन मुले एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली. निजामाबाद जिल्ह्यातल्या आदिवासी शेतमजुराची मुलगी मालावत पूर्णा, वय तेरा वर्षे अकरा महिने, आणि खम्मम जिल्ह्यातला दलित मुलगा आनंदकुमार. दोघेही समाजकल्याणच्या निवासी शाळेतले. तिथले सचिव आर. एस. प्रवीणकुमार यांनी या मुलांना डोंगर चढायला पाठवायचे ठरवले, तेव्हा पुष्कळांनी वेड्यात काढले असेल. त्यानंतर २०१८ च्या मे महिन्यात वर्धा नदीच्या पलीकडे आपल्याच शेजारी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. मनीषा धुर्वे ही त्यांतलीच. आदिवासी विकास विभागाची 'मिशन शौर्य' नावाची ती मोहीम होती.

ही उदाहरणे आम्ही छाती फुगवण्यासाठी देत नाही. ही मुले एका दिवसात वर गेली नाहीत. आधी खडकावर शिकली, मग दार्जिलिंगला, मग लडाखच्या थंडीत. मागे शिकवणारे होते, डॉक्टर होते. जिद्द त्यांची, पण तयारी पुष्कळांची. आपण जिद्दीचे कौतुक करतो आणि तयारी विसरतो. म्हणून पुढचे नीट वाचा.

डोंगर कोणाचीही जात पाहत नाही, तसाच कोणाचा मुलाहिजाही ठेवत नाही. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्त्रताल भागात हिमवादळात सापडून २२ जणांच्या एका तुकडीतले ९ जण मृत्यू पावले. त्या तुकडीत वाटाडे होते, अनुभवी ट्रेकरही होते. तेव्हा गाईड सोबत आहे म्हणजे धोका संपला, असे कोणी समजू नये.

उंचावर हवा विरळ असते. साधारण आठ हजार फुटांच्या वर गेल्यावर डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे, धाप लागणे सुरू होऊ शकते. यावर उपाय साधा आहे. हळू चढायचे, पाणी पीत राहायचे, डोके दुखत असताना वर जायचे नाही आणि त्रास वाढला तर ताबडतोब खाली यायचे. लाजेखातर दुखणे लपवणारा स्वतःसोबत दुसऱ्यालाही अडचणीत आणतो. आपल्या डंपरवाल्या भावाला खाली पाठवणाऱ्या नायकाने त्याचा अपमान केला नाही, त्याचा जीव राखला.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या माणसाला सहसा सुचणार नाही. ती म्हणजे सिकलसेल. विदर्भात हा रक्ताचा आजार आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजात जास्त आढळतो. १९५८ सालीच नागपूरच्या डॉक्टरांनी त्याची नोंद केली होती. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. उंच डोंगरावर प्राणवायू कमी, थंडी जास्त, अंगातले पाणी कमी होते आणि मेहनत मोठी असते. सिकलसेलला जे जे नको ते सगळे तिथे एकत्र येते. सिकलग्रस्त व्यक्तीने अशा उंच मोहिमेचा नादच करू नये. वाहक असणाऱ्याला एरवी काही त्रास नसतो, म्हणून तो स्वतःला ठणठणीत समजतो. पण फार उंचीवर वाहकाच्याही प्लीहेला इजा होऊन पोटात डाव्या बाजूला असह्य दुखू शकते. म्हणून वाहकाने डॉक्टरचा स्पष्ट सल्ला घेतल्याशिवाय जाऊ नये.

ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी करतात. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची चाचणी होऊन माणूस वाहक आहे की ग्रस्त, ते कळते. सहलीच्या निमित्ताने का होईना, प्रत्येक तरुण-तरुणीने ती करून घ्यावी. पुढे लग्न जुळवतानाही ती उपयोगी पडेल. फॉर्मवर विचारले नसले तरी वाहक असल्याचे नायकाला आणि तळावरच्या डॉक्टरला सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता आई-वडिलांनी पैसे भरण्याआधी काय विचारावे ते सांगतो. सहल चालवणारी संस्था कोणती, तिचे ऑफिस कोठे आणि पावती देते का? महाराष्ट्रातली सहल असेल तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे ती लागते. किती माणसांमागे किती म्होरके? सर्वांत मागे कोण चालणार? प्रथमोपचार येणारा माणूस कोण? विमा आहे का? मुलींसाठी वेगळा तंबू आणि सोबत बाई आहे का? हवा बिघडली तर मोहीम मागे फिरवता का, की पैसे घेतले म्हणून पुढेच रेटता? या प्रश्नांवर जो चिडतो किंवा 'काळजी करू नका' एवढेच म्हणतो, त्याच्याकडे पोरांना देऊ नका.

खर्चाचेही बोलू. फी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावी. पण खर्च फीएवढाच नसतो. नागपूरहून दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे बस, शिवाय बूट, स्वेटर, रेनकोट. रेल्वेचे स्लीपरचे तिकीट लवकर काढले तर बरेच वाचतात. बूट नवे कोरे घालून जाऊ नये. महिनाभर आधी वापरून मऊ करावेत, नाहीतर पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतात. पाठीवरची पिशवी मोजक्या सामानाची ठेवावी. बाकी वस्तू मित्राकडून मागून आणाव्यात, त्यात कमीपणा नाही. मात्र यासाठी बचत गटाचे कर्ज काढू नये, पोरीचे दागिनेही गहाण टाकू नयेत. वर्षभर महिन्याला थोडे बाजूला टाकून जे जमते, तेवढेच करावे. यंदा जमले नाही तर पुढच्या वर्षी. डोंगर कुठे पळून जात नाही.

आणि हिमालय म्हणजेच सगळे नव्हे. सुरुवात घरापासून करता येते. विहार कमिटीने दिवाळीनंतरच्या थंडीत तरुणांची दोन दिवसांची सायकल सहल काढावी. वर्धा नदी ओलांडून भद्रावतीच्या विजासन लेण्यांतल्या बुद्धमूर्ती पाहून यावे. आपल्या भागातली सडक कोळशाच्या ट्रकांची आहे, म्हणून पहाटे उजाडल्यावर निघावे, एका ओळीत चालवावे, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठावा आणि मागे एक मोटारसायकल ठेवावी. पुढे कोण आणि सर्वांत मागे कोण, हे निघण्याआधी ठरवावे. जंगलाच्या बाबतीत मात्र हौस नको. पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा बळींशी जिचे नाव जोडले गेले ती टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ ला मारली गेली, हे आपल्या सर्वांना आठवते. टिपेश्वरच्या किंवा कोणत्याही जंगलात वनखात्याची परवानगी आणि त्यांचा माणूस असल्याशिवाय पायी शिरू नये.

एक शब्द मुलींच्या आई-वडिलांसाठी. मुलगा मागतो तेव्हा आपण पैशांचा विचार करतो. मुलगी मागते तेव्हा आपण लोकांचा विचार करतो. लोक काय म्हणतील ते म्हणू द्या. वरचे सगळे प्रश्न विचारा, उत्तरे पटली तर मुलीला पाठवा. ती परत येईल तेव्हा अनोळखी माणसांत राहून, स्वतःचे सामान स्वतः वाहून, कोण आहेस या प्रश्नाला उत्तर देऊन आलेली असेल. ही शिदोरी तिला पुढे नोकरीच्या मुलाखतीत, सासरी, शहरातल्या होस्टेलात, सगळीकडे पुरेल.

तेव्हा येत्या आठवड्यात आरोग्य केंद्रात जाऊन सिकलसेलची तपासणी करून घ्या आणि रविवारी पहाटे पोरापोरींना घेऊन पाच किलोमीटर चालून या. जे बंधू-भगिनी अशा सहलींना जाऊन आले असतील त्यांनी आपला बरा-वाईट अनुभव आम्हाला पोस्टकार्डावर कळवावा. फसवणूक झाली असेल तर तीही लिहावी, म्हणजे दुसऱ्याचे पोर वाचेल.